मोरघार किती जवळून दिसेल

फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. कोणता पक्षी दिसेल, हे नंतर. आधी विचारतात, "किती जवळून दिसेल?"

वीस-बावीस वर्षं मी भोपाळच्या आसपास लोकांना शिकारी पक्षी दाखवायचं काम करतेय. सुरुवातीला मी मोठ्या तोऱ्यात सांगायची, "डोळ्याचा रंग दिसेल इतक्या जवळून." आता सांगते की पक्ष्याला आपली पर्वा वाटणार नाही इतक्या लांबून. यावर पलीकडचा माणूस "बघून कळवतो" म्हणतो आणि कळवत नाही. या दोन उत्तरांच्या मध्ये जे घडलं ते लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. लिहायला बसले की उठून गच्चीत फेऱ्या मारत होते. या वर्षी या अंकाच्या संपादकांचा निरोप आला तेव्हा ठरवलं की आता लिहून टाकायचं. लेखासोबत फोटो मात्र पाठवलेला नाही. का, ते पुढे येईलच.

आम्ही मूळचे नाशिकचे. नवऱ्याची, सुधीरची, इथल्या कारखान्यात नेमणूक झाली आणि आम्ही रायसेन रोडला आनंद नगरात घर केलं. मी तिथल्याच एका शाळेत जीवशास्त्र शिकवत होते. हिवाळ्यात घराजवळच्या एका उंच चिमणीवर बहिरी ससाणा येऊन बसायचा. मी कपडे वाळत घालायला गच्चीत गेले की तो कबुतरांच्या थव्यात सूर मारायचा, आणि कपडे तसेच बादलीत राहायचे. मुलांना दाखवायला लागले, मग मुलांचे पालक यायला लागले, मग पालकांचे पाहुणे. शाळेची नोकरी सुटली आणि हाच धंदा झाला.

शिकारी पक्षी म्हणजे गरुड, घारी, ससाणे, गिधाडं, घुबडं. दुसरे प्राणी मारून किंवा मेलेले खाऊन जगणारे. भोपाळला तलाव आहेत, कडे आहेत, मोकळी माळरानं आहेत, त्यामुळे यांची इथे चैन असते. थंडीत हिमालयापलीकडून भोवत्ये, म्हणजे माळावरून घिरट्या घालणारे लांब पंखांचे शिकारी पक्षी, येतात आणि सूर्य कलला की गवतात एकेक करून जमिनीवर झोपायला उतरतात. ते बघणाऱ्या माणसाला आपण कुजबुजतोय हेही कळत नाही, आपोआप आवाज खाली येतो.

गाईडचं काम पक्षी शोधायचं, असं सगळ्यांना वाटतं. पक्षी सापडतो. माणसांना आवरणं कठीण. एकदा एका लग्नाच्या आयोजकाचा फोन आला होता. नवरदेवाला लग्नाआधीच्या फोटोंसाठी हातावर गरुड बसवून हवा होता. मी त्याला समजावलं की रानातला शिकारी पक्षी पकडणं, बाळगणं, असा वापरणं कायद्याने गुन्हा आहे, तुरुंगात जावं लागेल. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मैडम, फिर चील चलेगी?" दुसऱ्या एका गृहस्थांनी पिशवीतून जिवंत उंदीर आणला होता, दोऱ्याला बांधून गवतात सोडायला, म्हणजे भोवत्या नेमका कॅमेऱ्यासमोर उतरेल. त्यांना मी तिथूनच परत पाठवलं. घरी येऊन ही गोष्ट रंगवून सांगितली. आपण बाकीच्यांपेक्षा फार चांगल्या आहोत, अशी माझी तेव्हा पक्की समजूत होती.

धंद्यातल्या काही खुणा असतात. बसलेला गरुड पंख साफ करत असेल तर तो निवांत आहे. साफसफाई थांबवून तो तुमच्याकडे बघायला लागला, अंगाची पिसं चापून बसला, पाय बदलायला लागला, की तुम्ही जास्त पुढे आला आहात. उडण्याआधी तो बहुधा शिटतो, वजन कमी करतो. ही शेवटची खूण मी पाहुण्यांना पहिल्याच तासाला शिकवायची, "शिटला की बटण दाबा, उडतानाचा फोटो मिळेल." सगळे हसायचे आणि सगळ्यांना फोटो मिळायचे. पक्षी माझ्यामुळे उडतोय, हे मला कळत नव्हतं असं नाही. ते मी मोजत नव्हते.

दिघे सर माझ्याकडे आले तेव्हा त्यांनी सत्तरी गाठली होती. इंदूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, सडपातळ, अत्यंत सभ्य गृहस्थ. त्यांच्या कॅमेऱ्याची लेन्स दुधाच्या बरणीएवढी होती. आधी त्यांच्या पत्नी तिपाई घेऊन बरोबर असायच्या, त्या वारल्यानंतर ते एकटेच हिंडत होते. इंदुरी मराठीत ते म्हणाले, "मॅडम, मला गरुडाचा एक चांगला फोटो हवा. एकच. पण असा की बघून माणूस उभा राहून जाईल."

माझ्याकडे तेव्हा एक गुपित होतं. शहरापासून दीडेक तासावर, एका ओढ्याच्या खोल घळीत, मला मोरघारीचं घरटं सापडलं होतं. मोरघार म्हणजे देखणा, चपळ गरुड. नर-मादी जोडीने शिकार करतात, ससा, तितर, मोरसुद्धा उचलतात. कड्याच्या कपारीत काटक्यांचा मोठा ढीग, त्यात एक पांढरं पिल्लू, मुठीएवढं. घळीच्या अलीकडच्या बाजूला एक सपाट खडक होता, जवळजवळ घरट्याच्या पातळीवर. तिथे बसलं की पिल्लाची चोच दिसायची. जागेचं नाव मी इथे लिहिणार नाही, कृपा करून शोधूही नका.

होळीला आठवडा राहिला होता. मी, दिघे सर आणि आमचे ड्रायव्हर रफीकभाई. रफीकभाई माझ्याबरोबर पहिल्या वर्षापासून होते. पुस्तकातलं नाव त्यांना एकाही पक्ष्याचं येत नव्हतं, पण पक्षी आता काय करणार हे ते माझ्याआधी सांगायचे. वाटेत गेंदाबाई भेटली. ती खालच्या वस्तीवरची, शेळ्या चारायला रोज त्या घळीत येणारी साठीची बाई. घरट्याचा माग मला तिच्याच बोलण्यातून लागला होता. तिने हात वर करून राम राम केला आणि आम्ही खडकावर जाऊन बसलो.

नऊ वाजत आले होते. मादी घरट्यात नव्हती. थोड्या वेळात ती आली, पंजात तितर घेऊन. कपारीकडे वळता वळता तिने आम्हाला पाहिलं आणि वळण तोडून ती समोरच्या वाळक्या सालईच्या झाडावर उतरली. पंख अर्धे उघडे, चोच उघडी, पंजाखाली तितर, मागे उन्हाने तांबूस झालेला कडा. दिघे सरांचा कॅमेरा चालू लागला. मादी तशीच बसून राहिली, मधून मधून ओरडत. मी त्यांच्या कानात सांगत होते की नशीब बघा सर, कशी पोझ देतेय.

किती वेळ गेला हे मी पाहिलंच नाही. ऊन कड्यावरून खाली सरकत कपारीत शिरलं. रफीकभाई मागे उकिडवे बसले होते. ते हळूच म्हणाले, "मैडम, ये बैठी नहीं है. रुकी हुई है."

मी मागे न बघता हाताने त्यांना गप्प राहायला सांगितलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. एवढ्याशा पिल्लाला अंगाची उष्णता सांभाळता येत नाही. ऊन चढलं की आई घरट्यात येऊन पंख पसरते आणि पिल्लू त्या सावलीत बसतं. कपारीतला दगड तापला की पिल्लाला दुसरा आधार नसतो. हे मला माहीत होतं. मी शाळेत शिकवलेलं होतं. आणि तरी साडेदहापर्यंत मी त्या खडकावरून उठले नाही, कारण पाहुणा खूश होता आणि गरुड समोर होता, आणि गाईडच्या आयुष्यात अशा सकाळी फार येत नाहीत.

निघताना सरांचे डोळे भरून आले होते. "हिला दाखवता आला असता," एवढंच ते पत्नीच्या आठवणीने म्हणाले.

फोटो अप्रतिम होता, आजही मी ते नाकारणार नाही. एका प्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं, मोबाईलवरून तो घरोघरी फिरला. सरांनी प्रत्येक ठिकाणी माझं नाव घेतलं. सुधीरच्या कारखान्यातले लोक त्याला "गरुडवाल्या मॅडमचे मिस्टर" म्हणायला लागले. जवाहर चौकातल्या ज्या स्टुडिओत सरांनी फोटो मोठा करून घेतला, त्याच्या मालकाने एक प्रत स्वतःसाठी काढून दुकानाच्या काचेत लावली, नमुना म्हणून. माझा फोन सकाळपासून वाजू लागला.

घळीत मी परत गेले ती आठ दिवसांनी, धुळवड उरकून, नवे पाहुणे घेऊन. गेंदाबाई वाटेतच बसली होती. मी विचारण्याआधी ती म्हणाली, "बाई, बच्चा तो उसी दिन सूख गया."

मग तिने सावकाश सगळं सांगितलं. आम्ही उतरून गेल्यावर मादी लगेच कपारीत गेली. तितर पिल्लापुढे ठेवलं, पंख पसरून उभी राहिली. मग मांसाचा एकेक तुकडा तोडून पिल्लाच्या चोचीपुढे धरायला लागली. पिल्लू घेत नव्हतं. ती तुकडा खाली ठेवायची, दुसरा तोडायची, परत धरायची. शेळ्या परत न्यायच्या वेळेपर्यंत तिचं तेच चाललं होतं. दुसऱ्या दिवशीही दुपारपर्यंत. तिसऱ्या दिवशी ती आली नाही आणि कावळे आले. गेंदाबाईच्या आवाजात दोष देण्याचा सूर नव्हता. शेजारच्या घरची गोष्ट सांगावी तशी ती सांगत होती. तिथेच बसून तिने ते पाहिलं होतं आणि सांगणं तिला भाग होतं.

पाहुणे मागे उभे होते. त्यांनी विचारलं, काय म्हणतेय ती? मी म्हणाले, या वर्षी घरटं यशस्वी झालं नाही, असं होतं कधी कधी. पाऊस यंदा उशिरा आला, असं सांगावं तशा आवाजात. आणि त्यांना गिधाडं दाखवायला दुसऱ्या कड्याकडे घेऊन गेले.

मला सुटायला वाटा होत्या. पहिल्या आठवड्यात पिल्लं कितीतरी कारणांनी मरतात. त्याला आधीच काही झालं असेल. मादी नवखी असेल. हे सगळं मी मनाशी घोकलं, आणि यातलं काहीही खोटं आहे असं कुणी सिद्ध करू शकणार नाही. पण ऊन कपारीत शिरताना मी तिथे होते, आणि मादी पन्नासेक मीटरवर अन्न घेऊन थांबली होती, आणि तिच्या वाटेत आम्ही बसलो होतो.

दिघे सरांना मी काही सांगितलं नाही. म्हातारा माणूस आहे, एक आनंद मिळालाय, कशाला हिरावून घ्यायचा, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं कारण साधं होतं. त्या फोटोच्या जोरावर माझा धंदा चालला होता. रफीकभाईंनी त्या दिवसाचा विषय परत कधी काढला नाही. जवाहर चौकातून जाताना मात्र ते गाडी दुसऱ्या गल्लीने काढायला लागले. माझं मात्र पायी जाणं व्हायचंच, आणि प्रत्येक वेळी मी काचेसमोर थांबायची. येणारे-जाणारे बघून म्हणायचे, काय रुबाब आहे. मला तिची उघडी चोच दिसायची. गरुड उन्हाने आणि घाबरून धापा टाकतो तेव्हा अशी चोच उघडतो.

पुढच्या वर्षी मोरघारी त्याच कपारीत परत आल्या. मी पाहुण्यांना खडकावर न्यायचं बंद केलं होतं, बरंच मागून, झाडीतून दाखवायची. आपण सुधारलो, असं वाटत होतं. पण फोटोतला तांबूस कडा लोकांनी ओळखला होता. एका रविवारी मी पोचले तर घळीच्या तोंडाशी गाड्याच गाड्या उभ्या होत्या. खडकावर पाय ठेवायला जागा नव्हती. एकाने ड्रोन वर चढवला होता, डासासारखा आवाज करत तो कपारीसमोर जाऊन थांबला. मादी अंड्यावरून उठून गेली. नर ड्रोनवर दोनदा झेपावला आणि पंखा लागता लागता वाचला.

मी ओरडत वर गेले. ड्रोन उतरवा म्हटलं, खाली व्हा म्हटलं. त्यांच्यातला एक गाईड माझ्याच हाताखाली तयार झालेला होता, आता स्वतःची गाडी होती त्याची. तो नम्रपणेच बोलला. "मैडम, आपका फोटो तो हो गया ना."

आजूबाजूचे काही जण हसले, काहींनी मान खाली घातली. मी खाली उतरून गाडीत बसले. त्या वर्षी अंडं थंड झालं, हेही गेंदाबाईकडूनच कळलं.

त्यानंतर मी घरटी दाखवणं पूर्णच सोडलं. कुठल्याच पक्ष्याचं, कुठूनच नाही. मोबाईलवर पक्ष्याची हाक वाजवून त्याला बोलावणंही बंद केलं, कारण हद्दीत दुसरा आलाय समजून तो बिचारा सगळं टाकून भांडायला येतो. मोठी दुर्बीण तिपाईवर लावायची, लांब बसायचं, आणि गरुड दिवसभर काय करतो ते बघायचं. बहुतेक वेळ तो काहीच करत नाही. पाहुणे निम्म्याहून कमी झाले. जे यायचे त्यांच्यातलेही काही परत जाताना गाडीत मोबाईल काढून बसायचे. सुधीर एकदा म्हणाला, "तू लोकांना पक्षी दाखवतेस की पक्ष्यांपासून लोकांना लांब ठेवतेस?" मी म्हटलं, दोन्ही. पण मला चैन नव्हतं. नियम पाळून त्या फोटोचं काही होत नव्हतं. तो अजून लोकांना माझ्याकडे आणत होता.

आणखी एका वर्षाने आमच्या इथल्या मराठी मंडळींनी गणेशोत्सवात माझं व्याख्यान ठेवलं. आयोजकांनी कौतुकाने दिघे सरांना इंदूरहून बोलावून घेतलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. पडद्यावर दाखवायच्या चित्रांत शेवटचं चित्र तेच होतं. मी ते काढून टाकायचं ठरवलं होतं, मग ठेवलं, सकाळी परत काढलं, निघताना परत घातलं. सांगायचं की नाही, हे माझं ठरलेलं नव्हतं.

फोटो पडद्यावर आला आणि टाळ्या पडल्या. टाळ्या थांबेपर्यंत मी थांबले. मग म्हणाले की ही मादी बसलेली नाही, थांबलेली आहे. ती का थांबली होती, किती वेळ, घरट्यात कोण होतं आणि पुढे काय झालं, सगळं सांगितलं. चूक सरांची नाही, तिथे त्यांना मी नेलं होतं आणि मला कळत होतं, हेही सांगितलं. अध्यक्षांनी घाईघाईने आभार मानले.

चहाच्या टेबलाशी दिघे सर माझ्यापुढे येऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"मला त्याच आठवड्यात का नाही सांगितलंत?" ते म्हणाले. "दोन वर्षं मी हा फोटो दाखवून राहिलोय. नातवंडांना दाखवला. कॉलेजात जाऊन दाखवला."

मी म्हणाले, "माझा धंदा त्याच्यावर चालला होता, सर."

त्यांनी मान हलवली, जणू प्रयोगशाळेत एखाद्या विद्यार्थ्याने अखेर खरं रीडिंग सांगितलं. चहा न घेता ते निघून गेले. पुढे काही महिने त्यांचा फोन नाही. मी केलेले त्यांनी उचलले नाहीत. जवाहर चौकातल्या काचेतला फोटो मात्र दिवाळीआधी गेला. मालक म्हणाला, एक बुजुर्ग आले होते, स्वतः काढून घेऊन गेले.

डिसेंबरात फोन वाजला. सर विचारत होते, घरटं बांधायला मोरघारी कधी सुरुवात करतात, आणि आमच्या वरच्या खोलीत कुणी राहतं का. चार दिवसांनी ते एक बॅग आणि घडीची खुर्ची घेऊन हजर झाले. कॅमेरा आणला नव्हता.

त्या हिवाळ्यात रोज सकाळी रफीकभाई त्यांना घळीच्या तोंडाशी सोडायचे. पायवाट सुरू होते तिथे सर खुर्ची टाकून बसायचे. शेजारी दगडावर गेंदाबाई. एखादी गाडी आली की सर उठून नमस्कार करायचे आणि सांगायचे की पुढे गरुडाची वीण चालते, कृपया इथूनच परत जा. लोक वाद घालायचे, तुमचं इथे काय आहे म्हणायचे. सर सांगायचे, "तो तांबूस कड्याचा फोटो पाहिलाय ना? तो मी काढलेला आहे. त्यात एक पिल्लू मेलं." बहुतेक जण मग परत फिरायचे. जे फिरायचे नाहीत त्यांच्या वाटेत गेंदाबाई शेळ्या घालायची. तिच्या शेळ्यांपुढे गाडीचा हॉर्न चालत नसे. आम्ही वन खात्यात अर्ज दिला होता. एका समजूतदार अधिकाऱ्याने त्या हंगामापुरती वाट बंद केली, फलक लावला आणि आठवड्यातून दोनदा वनरक्षक फेरी मारू लागला. मधल्या काळात सर आणि गेंदाबाईची दोस्ती झाली होती. ती त्यांना भाजलेले हरभरे आणि कच्ची बोरं आणून द्यायची. सर तिला रसायनशास्त्रातलं काहीतरी सांगायचे आणि ती हसायची.

मोरघारी त्या कपारीत आल्या नाहीत.

पहिले काही दिवस आम्हाला वाटलं उशीर होतोय. घरटं तसंच होतं, काटक्या काळ्या पडलेल्या. संक्रांत गेली, फेब्रुवारी गेला. मी सरांना म्हटलं, आता थांबण्यात अर्थ नाही, या वर्षी नाहीच येणार त्या. ते म्हणाले, "माझी काही हरकत नाही. मी बसून राहीन." आणि होळी होईपर्यंत ते रिकाम्या कपारीची राखण करत बसले. पुढच्या हिवाळ्यातही आले. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तब्येतीमुळे येऊ शकले नाहीत, पण गेंदाबाई बसत राहिली. ती कपार आजतागायत रिकामी आहे. जोडी दुसरीकडे गेली, की जोडीतलं एक मेलं, ते कळायला मार्ग नाही.

लोक विचारतात, मग आता समाधान वाटतं का. नाही वाटत. लांबून दाखवते, तरी प्रत्येक वेळी दुर्बीण लावताना मनात येतं, हेही जास्त जवळ तर नाही? गरुडाने मान वळवली की मी तिपाई उचलून आणखी मागे जाते. कधी वाटतं, माणसांनी बघितलंच नाही तर वाचवावंसं तरी कुणाला वाटेल. कधी वाटतं, ही पळवाटही मी माझ्या धंद्यासाठीच शोधून ठेवली आहे. दिघे सरांशी अजून फोनवर बोलणं होतं. ते म्हणतात, "असं लागत राहिलं पाहिजे मॅडम, लागणं थांबलं की घरी बसा."

गेल्या जानेवारीतली गोष्ट. रफीकभाई आणि मी पाहुण्यांना स्टेशनवर सोडून, एका माळरानाची पाहणी करून परतत होतो. घळीपासून बऱ्याच लांबचा रस्ता. सकाळचे दहा वाजले असतील. डावीकडच्या शेतावरून एक मोरघार कमी उंचीवरून उडत आली आणि गाडीच्या पुढून रस्ता ओलांडून गेली. तिच्या पंजात पानांची हिरवी डहाळी होती.

वीण चालू असताना गरुड घरट्यात ताजी हिरवी पानं आणून अंथरतात. डहाळी घेतलेला गरुड सरळ घरी जातो. त्याच्या मागे गेलं की घरटं मिळतं. इतकी सोपी खूण दुसरी नाही, आणि असा योग मला उभ्या आयुष्यात दोनदाच आला होता. ती टेकडीच्या मागे उतरली. टेकडीला वळसा घालणारा गाडीरस्ता समोर दिसत होता.

रफीकभाईंनी गाडी थांबवली. इंजिन चालू ठेवलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. मी दुर्बीण गळ्यातून काढली, हातात धरली. ही तीच जोडी असेल का, हे घरटं बघितल्यावर कळलं असतं असं नाही, पण मला ते बघायचं होतं. फक्त एकदा. लांबून. कुणाला न सांगता. सगळं ठीक आहे ना, एवढंच बघायला. यातलं प्रत्येक वाक्य मी आधी पाहुण्यांच्या तोंडून ऐकलेलं होतं.

"चलें?" रफीकभाईंनी विचारलं.

मी म्हणाले, "घर चलो."

त्यांनी गाडी गिअरमध्ये टाकली. ती टेकडी कुठली, हे मी माझ्या नोंदवहीत लिहिलेलं नाही, सरांनाही सांगितलं नाही. पुढचे दोन महिने मात्र रोज सकाळी ऊन चढायला लागलं की मी घड्याळाकडे बघायची आणि खोलीतून खोलीत हिंडायची. दोनदा चपला घालून दारापर्यंत गेले. हिशेबाने पिल्लू एप्रिलमध्ये उडायला हवं होतं.

उडालं की नाही, मला माहीत नाही. बघून यायला मी कुणाला पाठवलेलंही नाही.